सुरतच्या डॉक्टरांपासून लपवलेला काढा

प्रिय मंगल,

तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नाही. तू कळसाडीला माहेरी गेलीस की तिसऱ्या दिवशी मीच एसटीने हजर! पण आज दुपारी कळसाडीहून तुझा मावसभाऊ सुभाष येऊन गेला आणि तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाही. बोलायला घरात दुसरं आहे तरी कोण?

त्याच्या बायकोला, लताला, केमो सुरू झालाय. पहिल्याच डोसनंतर तिला अन्नाचा वाससुद्धा सहन होत नाही म्हणे. सुभाष वही-पेन घेऊनच आला होता. "दाजी, ताईले तुम्ही जो काढा देत व्हतात ना, तो माले लिखी द्या. सगळा सांगतस, तुम्हनासारखी सेवा कोनीच करी नही."

मी काय केलं असेल? "उद्या देतो" म्हणालो. नाही म्हणायचं धाडसच झालं नाही.

तुला आठवत असेल, आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला कुणी औषधाशिवाय येत नाही. रनाळ्याच्या आत्याबाईंनी गुळवेलीच्या कांड्या आणल्या, कुणी कसलीशी हिरवी पावडर, कुणी कोरफड. जो तो सांगे, "मन्हा मेव्हनाले यानाच गुन उना." नाही म्हटलं तर माणूस दुखावतो. शिवाय सगळं झाडपाल्याचं, त्याने काय अपाय होणार, असं मीच म्हणायचो. शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलेला माणूस!

मी तर भिंतीवर वेळापत्रकच लावलं. सकाळी उठल्याबरोबर गव्हांकुरांचा रस, मग गुळवेल, मग हळदीचं दूध. गव्हांकुर लावायला मी तुझ्या आखाजीच्या, गौराईचे गहू पेरायच्या टोपल्या काढल्या तेव्हा तू चिडलीस. "गौराईन्या टोपल्या त्या!" मग वेळापत्रकाकडे बघून हसलीस. "मास्तर, मन्ही परीक्षा कव्हय शे?"

तोंड आतून सोलून निघालेलं, पाण्याचा घोट उतरत नव्हता, आणि मी सुंठ-मिऱ्याचा कडक काढा घेऊन समोर उभा! तू डोळे मिटून प्यायचीस. अगं, एकदा तरी पेला भिरकावून द्यायचा होतास!

खरं सांगू? त्या काढ्याची गरज मला होती. तुझ्या उलट्यांपुढे माझं काही चालत नव्हतं. काढा उकळत ठेवला की अर्धा तास तरी आपण काहीतरी करतोय असं वाटायचं.

मग सुरतेच्या दवाखान्यातली ती सकाळ. रिपोर्टमध्ये लिव्हर बिघडलेलं. डॉक्टरांनी विचारलं, "बेन, देसी दवा, काढा, कुछ चालू है क्या?" काढ्याची बाटली माझ्या पायाशी पिशवीत होती आणि मी खाली बघत होतो. तू म्हणालीस, "नही साहेब. घर का खाना, बस."

डोस काही आठवडे पुढे ढकलला गेला. परतीच्या गाडीत मी विचारलं, खोटं का बोललीस? तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "चार लोकस्मा तुम्हले कमीपना नको, म्हनीसन मी सांगं नही."

त्या दिवसापासून मी सगळं बंद केलं, गुपचूप. रिपोर्ट सुधारले, केमो पुन्हा सुरू झाला. पण डॉक्टरांना मी कधीच खरं सांगितलं नाही. पुढे आजार पसरत गेला. ते आठवडे वाया गेले नसते तर तू आणखी थोडी राहिली असतीस का? कदाचित नसतीसही. पण हे विचारायचं तर आधी सगळं कबूल करावं लागेल, म्हणून मी कुणालाच विचारलं नाही.

आणि लोक काय म्हणतात? मास्तरांनी बायकोचं केलं तसं कुणी करणार नाही! मंगल, तू गेल्यापासून मी त्या एका वाक्यावर जगतोय. कुलूप मीच लावतो, मीच काढतो. दोन भाकरी टाकतो, त्यातली एक उरते. बाहेर कुणी थांबून असं चांगलं बोललं की तेवढंच त्या दिवसाचं बोलणं. तेही गेलं तर माझ्याजवळ काय उरतं, सांग ना!

पण लताचं पोर अजून अंगणवाडीत जातं गं. सुभाष तिला माझं नाव सांगून सगळं पाजेल. डॉक्टरांनी विचारलं की तीही एकदा नवऱ्याकडे बघेल आणि नाही म्हणेल.

म्हणून उद्या सकाळच्या एसटीने कळसाडीला जातो. काढा लिहून देणार नाही. दोघांना समोर बसवून सांगेन की आलं असो, हळद असो, गुळवेल असो, आधी डॉक्टरांना दाखवा. त्यांनी दिलेली उलटीची गोळी चुकवू नका. असं का, म्हणून दोघं विचारतील, तेव्हा त्या दिवशी बाटली कुठे होती तेही सांगेन. सुभाषच्या पोटात काही राहत नाही, दोन दिवसांत गावभर होईल. होऊ दे.

हे माझं वचन समज. चार लोकांत माझी मान ताठ राहावी म्हणून तू खोटं बोललीस. माफ कर मंगल, ती मान मी उद्या खाली घालतोय.

अजूनही तुझाच,
मास्तर