बोट नंबर सातमधल्या बाईंबद्दल खुलासा

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा आठांपैकी जेवढी अंगं जमिनीला टेकली तेवढी गोड मानून घे). तुझं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झाल्याचं कळलं. आता दोन्ही डोळ्यांनी लख्ख दिसत असेल, तर भावोजींना जरा दमानं घे. तुला धूसर दिसत होतं म्हणून आपला संसार टिकला, असं ते मला एकदा खासगीत म्हणाले होते. त्यांचा खोकला कसा आहे? आमच्याकडे सगळं ठीक. घरातली बरी आहे, बोलते कमी, पण जे बोलते ते पुरतं.

गेल्या मंगळवारी तळ्यावर जे झालं त्याच्या चार-पाच आवृत्त्या सध्या फिरताहेत. एकीत मी बुडालो आहे, एकीत मला नोकरीवरून काढलं आहे, आणि एकीत मी बदकाच्या पाठीवर बसून रडत होतो. तुझ्या कानावर यातली एखादी जाण्याआधी खरी हकिगत माझ्याकडूनच कळावी, म्हणून हा खटाटोप.

तळ्याच्या बागेत माझा कारभार तुला माहीत आहेच. पायानं चालवायच्या, बदकाच्या आकाराच्या अकरा बोटी (पाच नंबरचं बदक दोन वर्षांपूर्वी तळाशी गेलं, ते अजून वर आलेलं नाही), तळ्याच्या मधोमध एक कारंजं, काठावरची बाकं आणि चौदा नियमांची पाटी. या सगळ्याचा मी व्यवस्थापक. तिथं रोज पाचच्या ठोक्याला एक निवृत्त मुख्याध्यापक येतात. त्यांना सगळे मास्तर म्हणतात. शाळा सुटली तरी त्यांचा तास अजून सुटलेला नाही. दिसेल त्याला ते रांगेत उभं करतात. मंगळवारी ते तळ्याला एक फेरी मारून माझ्या तिकिटाच्या खिडकीशी आले, आणि म्हणाले, समोरच्या तिसऱ्या बाकावर एक बाई मुलाला पाजते आहे. उघड्यावर. आपण तिकडे बघितलंसुद्धा नाही, असंही त्यांनी लगेच सांगितलं. पण ओढणी निळी आहे, बाळाचं टोपडं पिवळं आहे आणि प्रकार सुरू होऊन अकरा मिनिटं झाली, एवढा तपशील न बघता त्यांच्याकडे जमला होता.

मी उठलो. खरं सांगायचं तर मला स्वतःला त्या बाईंचा काही त्रास नव्हता; पण तक्रार आली की माणसाला आपण व्यवस्थापक असल्याची आठवण होते. बाकाजवळ गेलो, झाडाच्या शेंड्याकडे बघत उभा राहिलो आणि शेंड्यालाच म्हणालो, की इथं लोक विरंगुळ्यासाठी येतात, तर हे कुठं आडोशाला करता येईल का. बाई काही चिडल्या नाहीत. त्या मोटार शिकवण्याच्या शाळेत शिकवतात, त्यामुळे घाबरलेल्या माणसाशी शांतपणे बोलायची त्यांना सवय आहे. त्यांनी विचारलं, नियम कितवा? मी पाटीशी जाऊन चौदाही नियम वाचून आलो. बदकांना खायला घालू नये, असा एक होता, पण तो जमेना. बाईंच्या शेजारी त्यांच्या सासूबाई बसल्या होत्या, गुडघ्याला पट्टा बांधून. त्या म्हणाल्या, "तुम्ही डबा कुठं खाता हो?" मी म्हणालो, खिडकीत बसून. "मग तिथं आडोसा करता का?"

मी त्यांना जागा दाखवायला निघालो. आधी बोटींचं कोठार दाखवलं. तिथं ओली जाकिटं वाळत असतात, म्हणजे वाळत नसतात, आणि त्यांचा वास असा, की बाळानं आईच्या खांद्यात तोंड खुपसलं. मग स्वच्छतागृह राहिलं. बाईंनी दारातूनच मला विचारलं, "तुमचा डबा इथं आणून देऊ?" आणि मग ताई, मला ती कल्पना सुचली, जिच्यापायी हे सगळं झालं. म्हटलं, बदकाच्या बोटीला छत आहे, पुढं मान आहे, दोन्ही बाजूंना पंख आहेत. तळ्याच्या मध्यावर जाऊन बसा. कोण बघतंय तिथं! बाईंना हसू आलं. पण बाळानं तोवर सूर लावला होता, म्हणून त्यांनी जाकीट चढवलं, बाळाला छातीशी बांधलं आणि सात नंबरची बोट घेऊन एकट्या पायडल मारत गेल्या. मी खिडकीत येऊन बसलो. तक्रार आली आणि वीस मिनिटांत तिचा निकाल लागला, याचं मला फार समाधान वाटलं.

ते समाधान वारा सुटेपर्यंत टिकलं. तुला कल्पना असेल (मला नव्हती), बाळ पीत असताना आईला पायडल मारता येत नाही. गुडघा वर आला की बाळाचं डोकं हलतं, डोकं हललं की बाळ चिडतं. बाईंनी पाय थांबवले, आणि बोट वाऱ्यानं हळूहळू कारंज्याकडे सरकायला लागली. कारंजं सहा वाजता आपोआप सुरू होतं. त्याची कळ एका पेटीत आहे आणि पेटीची किल्ली बागेच्या समितीच्या अध्यक्षांकडे असते. पाच चाळीस झाले होते. मी भोंगा हातात घेतला आणि घाईत बोललो, "बोट नंबर सातमधल्या बाई, आपलं काम आटोपून ताबडतोब परत या!" बागेतल्या सगळ्या माना वळल्या. कोणतं काम, असं लोक एकमेकांना विचारू लागले, आणि ज्यांना माहीत होतं त्यांनी बाकीच्यांना सांगितलं. बाकावर त्यांना मास्तरांखेरीज कुणी पाहिलं नव्हतं. आता दोनेकशे माणसं काठावर उभी, त्यांतली काही बाकांवर चढलेली, आणि आइस्क्रीमवाला गाडी ढकलत त्यांच्या मागं येऊन उभा राहिलेला.

इंजिनाची बोट दुरुस्तीला गेलेली. बदकाची बोट घेऊनच जायला हवं होतं आणि वाऱ्याविरुद्ध तिला दोन माणसांचे पाय लागतात. सासूबाईंनी मास्तरांकडे बघितलं. "तक्रार तुमची, तेव्हा पायही तुमचेच लागू देत," म्हणाल्या. मास्तरांनी एका अटीवर होकार दिला: तिकडे तोंड करायचं नाही. मलाही ते बरं वाटलं. म्हणून आम्ही बोट उलटी चालवत निघालो. दोन पोक्त माणसं, पाठ पुढं आणि तोंड काठाकडे, उलटे पायडल मारत. समोर काठावरची सगळी माणसं आम्हाला नीट दिसत होती, आणि आम्ही त्यांना. हातही हलवत होती काही.

अर्ध्या वाटेत आमची बोट गोल फिरायला लागली. तेव्हा मागून बाईंचा आवाज आला, अगदी शांत. "काका, रिव्हर्स घेताना घाबरायचं नाही. तुमचे पाय थांबवा. मास्तर, तुम्ही चालू ठेवा. आता डावीकडे. तुमचं डावं, मास्तर." मास्तरांना आयुष्यात पहिल्यांदा कुणी डावं-उजवं शिकवत होतं, पण त्यांनी निमूट ऐकलं. अशा रीतीनं त्या बाईंनी, मुलाचं पिणं न थांबवता, आम्हाला पाऊणशे फूट रिव्हर्समध्ये आणलं. शेवटी जरा धक्का लागला, पण तो कुणाकडूनही लागतो, असं त्या म्हणाल्या.

आता दोर टाकायचा होता. मास्तरांनी उभं राहून तो न बघता खांद्यावरून मागं टाकला. पहिल्या वेळी पाण्यात पडला. दुसऱ्या वेळी माझ्या गळ्यात. तिसऱ्या वेळी दोर हातातच राहिला आणि मास्तर पाण्यात पडले. तळं तिथं छातीइतकंच आहे, पण खाली गाळ आहे. ते उभे राहिले तेव्हा त्यांचं तोंड नेमकं सात नंबरच्या बोटीकडे होतं आणि गाळात पाय रुतल्यामुळे वळायची सोय नव्हती. बोट तर कारंज्यापासून हातभर अंतरावर. त्यांनी दोन्ही हातांनी बोटीची कड धरली आणि तसेच उभे राहिले. बाई म्हणाल्या, आणखी पाच मिनिटं, मग झालंच. मी अर्थातच पाठ करून बसलो होतो, म्हणून पुढचं फक्त ऐकलं.  मग मास्तर म्हणाले, "आमची मुलगी अशीच होती. पोट भरेपर्यंत जगाची पर्वा नाही." बाईंनी विचारलं, आता कुठं असते? "असते. माझ्याशी बोलत नाही."  मग बाळानं ढेकर दिला, तोही मला स्वच्छ ऐकू आला. मग मास्तरांनी एक एक पाय उपसत बोट ओढायला सुरुवात केली, आणि सहाच्या ठोक्याला कारंजं सुरू झालं. त्यात मी एकटाच भिजलो. कंबरेचं दुखणं त्यातलंच.

काठावर लोकांनी टाळ्या वाजवल्या. कशासाठी, ते त्यांनाही सांगता आलं नसतं. बाईंनी सासूबाईंच्या हाती बाळ दिलं, मास्तरांचे आणि माझे आभार मानले आणि शिकवणीची वेळ झाली म्हणून निघून गेल्या. त्यानंतर समितीची बैठक झाली. अध्यक्षांनी मला पंधरावा नियम लिहून आणायला सांगितलं. चार दिवस बसलो. 'बाळास भूक लागल्यास' इथपर्यंत सुरेख जमतं; पुढं काय लिहावं ते कळत नाही, कारण भूक लागल्यास काय करायचं हे बाळाला पाटी न वाचता ठाऊक असतं. शेवटी कोराच कागद दिला. अध्यक्षांनी तो फाईलला लावला. मास्तर पुन्हा पाचला येतात. काल त्यांनी नवी तक्रार दिली, की तिसऱ्या बाकावर ऊन येतं, लहान मुलाला घेऊन बसणाऱ्यानं काय करावं. मी ती मंजूर केली.

भावोजींना नमस्कार. डोळ्यांत थेंब वेळच्या वेळी घाल.

तुझा
धाकटा

ता. क. – एक लहानसं काम होतं. आमची लेक बाळाला घेऊन महिनाभर राहायला आली होती, ती दहाव्या दिवशीच परत गेली, हे तुला घरातलीकडून कळलं असेलच. त्या दिवशी समितीची चार माणसं घरी आली होती आणि ती बाहेरच्या खोलीत बाळाला पाजत बसली होती. मी तिला आत जा म्हणालो. नुसतं म्हणालो नाही, आतल्या खोलीचं दारही लोटून घेतलं. तिनं दुसऱ्या दिवशी बॅग भरली. याला अडीच महिने झाले. आत्याचं ती ऐकते. तेव्हा तू सहज फोन केल्यासारखा करून सांग, की बाबांचं चुकलं आणि बाबांना ते कळलं आहे. हे पत्र वाचून दाखवलंस तरी चालेल, म्हणजे मन वळेल.

वन्सं, स. न. वि. वि. पत्र पेटीत टाकायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. मास्तर काल यांचा बूट परत द्यायला आले होते, तेव्हा सगळं कळलं. पाण्यात मास्तर पडले नव्हते, हे पडले. कारंज्याच्या पाण्यानं छातीपर्यंत गाळ लागत नाही. कपडे मी धुतले आहेत. पाठ करून बसले होते ते मास्तर, आणि बोट धरून उभे राहून त्या बाईंशी जे काय बोलले ते हेच बोलले. लेकीला फोन तुम्ही अजिबात करू नका. यांनाच करू दे. नंबर पाठ आहे त्यांना. रोज संध्याकाळी शेवटचा आकडा सोडून बाकीचे सगळे दाबतात आणि फोन ठेवून देतात.