हडपसरला उतरवायची पिशवी

पुणे,
९ डिसेंबर

चि. मंदास अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून पत्र. आम्ही सगळे ठीक. तुझ्या वहिनीचा गुडघा पूर्वीइतकाच दुखतो, फक्त आता ती जिन्याच्या पायऱ्या मोठ्यांदा मोजत चढते, त्यामुळे सगळ्या बिल्डिंगला कळतं.

शनिवारी तुमच्या दौंडच्या शटलचं काय झालं ते ऐकलं असशीलच. उत्तरेत तो हल्ला होऊन जेमतेम चार दिवस झालेले, आणि इथे हडपसर सुटल्यावर तिसऱ्या डब्यात बेवारस पिशवी. कुणीतरी साखळी ओढली. गाडी घोरपडीच्या अलीकडे पावणेतीन तास उभी, आणि मागच्या सगळ्या गाड्या खोळंबल्या. खालच्या मजल्यावरच्या सुनीतीबाईंचे जावई मागच्या गाडीत अडकले होते, तेवढ्या भांडवलावर त्या आता अधिकृत प्रवक्त्या झाल्या आहेत. पिशवीत टिकटिकणारं घड्याळ होतं आणि त्याला वायरी गुंडाळलेल्या, असं त्या सांगतात. सकाळी त्यांनी पाच किलोची स्फोटकं सांगितली, संध्याकाळी बागेतल्या आमच्या बाकावर त्याची बारा किलो झाली होती.

एक माणूस धरला. दाढी, मफलर, हातात तीच पिशवी, असा त्याचा फोटो मला सुनीतीबाईंकडून आला. पिशवी कोणाची हे त्याने चार तास सांगितलं नाही म्हणे. निर्ढावलेला असणार. पुढे सोडूनही दिला, का ते देव जाणे. मी तो फोटो सोसायटीच्या, निवृत्तांच्या आणि शाळासोबत्यांच्या गटावर लगेच टाकला. लोकांना सावध केलेलं बरं. तुलाही पाठवला. तू पाहिलास आणि उत्तर दिलं नाहीस, त्या दोन निळ्या खुणा मला दिसतात हो.

अण्णांचं गजराचं घड्याळ पाठवते म्हणाली होतीस, त्याचं काय झालं? बुधवार पेठेत दुरुस्त करून घेईन. थंडी वाढली आहे, कानाला बांधत जा.

लोभ आहेच, तो असू दे म्हणून वेगळं काय लिहू.

तुझा,
दादा

*

केडगाव,
१२ डिसेंबर

ती. दादास मंदाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र पोचलं. दोनदा वाचलं. आता बसून वाच, आणि वहिनींना मोठ्यांदा वाचून दाखवू नकोस.

ती पिशवी माझी. त्यातलं घड्याळ अण्णांचं, तू मागितलेलं. आणि तू तीन गटांवर पाठवलेला तो निर्ढावलेला माणूस म्हणजे आमचे हारूणभाई मणेर.

तनया खराडीला नोकरीला लागल्यापासून मी आठवड्यातून तीनदा सकाळच्या शटलला तिच्या जेवणाची पिशवी टांगते, हे तुला माहीत आहे. तिसरा डबा, दारापासून दुसरी खिडकी, तिथला हुक. मी टांगते आणि घरी येते. त्या खिडकीशी हारूणभाई बसतात, ते बुधवार पेठेत रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात कामाला आहेत. हडपसरला तनया खिडकीपाशी येते आणि ते पिशवी तिच्या हातात देतात. सहा वर्षं झाली, कधी डब्यातला रस्सा सांडला नाही. या लाइनवर अशा चार-पाच जणींच्या पिशव्या जातात, कुणाचं दूध जातं, कुणाची औषधं. रोजच्या माणसांना त्यात काही वाटत नाही.

त्या शनिवारी तनयाला ऑफिसचं काम निघालं आणि ती स्टेशनवर आलीच नाही. तिने मला फोन केला तेव्हा गाडी हडपसरहून सुटली होती. हारूणभाईंनी खिडकीतून वाट पाहिली आणि पिशवी पुन्हा हुकाला अडकवली. ती न आली तर ते दुकानात नेऊन ठेवतात. समोर कुणी नवखा बसला होता. त्याने ते पाहिलं, टिकटिक ऐकली आणि पिशवी कुणाची विचारलं. हे म्हणाले, माझी नाही, एका बाईंची आहे. कोणत्या बाईंची, तर सांगेनात. मग काय व्हायचं ते झालं.

पिशवीत मेथीची भाजी, भाकरी, लसणाची चटणी आणि घड्याळ. तुमच्या सुनीतीबाईंच्या वायरी म्हणजे माझ्या जुन्या परकराची नाडी. घड्याळाचं मागचं झाकण सुटतं म्हणून मी ती बांधली होती. उघडून पाहिल्यावर पोलिसांनी त्यांना सोडलं. मी त्यांच्या घरी गेले आणि माझं नाव का नाही सांगितलंत म्हणून विचारलं. ते म्हणाले, ताई, नाव एकदा तिथे लिहिलं गेलं की तिथेच राहतं.

त्यांना धरल्याचं मला दहा वाजताच कळलं होतं, दादा. मी संध्याकाळपर्यंत कॉटवर बसून होते. ठाण्यात फोन करून माझी पिशवी आहे एवढं सांगायला काय लागत होतं? तनया म्हणाली, आई, फोनवर कुणाशी काही बोलू नकोस, आणि मी ऐकलं. मला माझीच शरम वाटते.

आता काय करू ते लिही. एरवी तू सगळ्या गोष्टींवर सल्ला देतोस.

आशीर्वाद असू द्यावा, आत्ता त्याची गरज आहे.

तुझी,
मंदा

*

पुणे,
१५ डिसेंबर

चि. मंदास आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून फाडलं. तूही हे फाड.

सल्ला एकच, गप्प राहा. तनयाला कंपनी जर्मनीला पाठवते आहे आणि तिच्या पासपोर्टची पोलीस पडताळणी व्हायची आहे. अशा वेळी तिच्या आईचं नाव या प्रकरणात आलं तर मुलीचं मातेरं होईल. रेल्वे म्हणजे काय तुझी घरची गडीमाणसं आहेत, की पिशवी टांगली आणि निघाली? सहा वर्षं तुला मी हेच सांगत आलो. (सांगितलं नसेन, पण मनात होतं.)

तो माणूस सुटला ना? मग झालं. लोक पंधरा दिवसांत विसरतात. फोटोचं म्हणशील तर तो काही मी एकट्याने पाठवला नाही. शेकडो लोक पाठवत होते. तेव्हा ते मनाला लावून घेऊ नकोस, मीही घेत नाही.

जप. माझं रागावणं हे लोभाचंच आहे असं समज.

दादा

*

केडगाव,
२० डिसेंबर

ती. दादास शि. सा. नमस्कार. वि. वि.

पत्र फाडलं नाही. तुझं अक्षर इतकं सुंदर आहे की फाडवत नाही, मजकूर कसाही असो.

काल तनया सुटी काढून आली. आम्ही दोघी रेल्वे पोलिसांकडे गेलो आणि जबाब दिला. पिशवी माझी, घड्याळ वडिलांचं, तो माणूस फक्त सांभाळत होता. साहेबांनी अर्धा तास झापलं, ते माझं चुकलंच होतं, मी ऐकून घेतलं. पासपोर्टचं मी तनयाला विचारलं. ती म्हणाली, आई, माझ्या सहा वर्षांच्या जेवणाची पिशवी त्यांनी धरली, त्याबद्दल मी गप्प बसून जर्मनीला जाऊ का? तुझी भाची तुझ्यावर गेलेली नाही, हे बरंच झालं.

पण दादा, पोलिसांचा प्रश्न कधीच नव्हता. त्यांनी त्याच दिवशी सोडलं होतं. सोडत नाही तो फोटो. हारूणभाई मंगळवारी गाडीला गेले तर समोरचं बाकडं रिकामं झालं. एका बाईने मुलाला उचलून पलीकडे नेलं. दुकानाच्या मालकांनी सांगितलं, लोक विसरेपर्यंत घरी थांबा. अठरा वर्षं त्या दुकानात आहेत ते. आता घरी भिंतीला टेकून बसतात. त्यांची बायको मला म्हणाली, गिरणीत रांगेत उभी राहिले की मागे-पुढे जागा मोकळी होते. मी लेडीज डब्यात सगळ्यांना सांगितलं, ती पिशवी माझी होती. तर मलाच सांगतात, मावशी, तुम्ही भोळ्या आहात, यात पडू नका.

तू लिहिलंस, फोटो मी एकट्याने पाठवला नाही. पिशवी मात्र मी एकटीनेच टांगली होती.

ज्या तीन गटांवर तो फोटो टाकलास, तिथेच आता खरं काय ते लिही. आणि रविवारी इकडे ये. मला सल्ला नको, तू ये.

राग मानू नये. मानलास तरी ये.

तुझी,
मंदा

*

पुणे,
२९ डिसेंबर

चि. मंदास अनेक आशीर्वाद.

काल तुझ्याकडून निघालो तेव्हा स्टेशनवर तू हात हलवत होतीस. पुढचं तुला कुणी सांगणार नाही, म्हणून लिहितो.

तीन गटांवर मी खुलासा टाकला हे तुला सांगितलं. सविस्तर, क्रमवार, माझ्या सवयीने खाली नाव घालून. किती जणांनी पुढे पाठवला हे तू विचारलंस आणि मी विषय बदलला. चौघांनी. सुनीतीबाईंनी हात जोडल्याचं चित्र टाकलं आणि पाठोपाठ तिळाच्या लाडवांची कृती.

परवा हारूणभाईंच्या घरी आपण बसलो तेव्हा फोटो मी पाठवला होता हे त्यांना सांगायला मला तीन वाक्यं लागली, तू मोजलीस. ते फक्त म्हणाले, चहा घ्या. मंदा, त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर मला तो चहा गेला असता. मालकांशी बोललो आहे, बरोबर येतो, उद्या कामावर चला, असं मी म्हटलं तेव्हा ते बायकोकडे बघत राहिले. हो म्हणाले ते केवळ तुझ्या शब्दाखातर.

तर काल सकाळी तिसऱ्या डब्यात त्याच खिडकीशी ते आणि शेजारी मी. यवतला समोर एक मुलगी येऊन बसली, पाठीवर ऑफिसची बॅग, तनयाच्याच वयाची. थोड्या वेळाने तिने मला खुणेने जवळ बोलावलं आणि हळूच मोबाइल दाखवला. म्हणाली, काका, जपून बसा. तोच फोटो होता. वर मजकूर होता, हा इसम दौंड मार्गावर रोज फिरतो, शेजारी आढळल्यास त्वरित कळवावे. आणि खाली, दी. ग. खरवंडीकर, निवृत्त अधीक्षक. तीन आठवडे फिरून माझंच लिखाण मला सावध करायला आलं होतं. सुनीतीबाईंनी नुसता फोटो पाठवला होता. भर माझी.

मी उभा राहिलो. माझ्या आयुष्यात मी कधी गाडीत उभं राहून बोललो नाही. सगळ्या डब्याला सांगितलं, "खाली नाव आहे तो मी. ती पिशवी माझ्या बहिणीची होती. या माणसाने काहीही केलेलं नाही, केलं ते मी." मुलीने ते तिथल्या तिथे पुसून टाकलं आणि रडवेली झाली. दोघंतिघं उठून हारूणभाईंशी बोलले. एकाने त्यांना पेरू दिला. सहा वर्षं याच डब्यात येणारे एक गृहस्थ म्हणाले, आम्हाला माहीतच होतं हो, पण बोलणार कोण. मी खाली बसलो तेव्हा, खोटं कशाला सांगू, मला स्वतःचं बरंच कौतुक वाटलं. आता तुला काय काय लिहायचं त्याची मनात जुळवाजुळवही सुरू केली.

मांजरी गेलं आणि गाडी मध्येच थांबली. स्टेशन नाही, काही नाही, दोन्हीकडे शेतं. बहुधा सिग्नल नव्हता. ही गाडी रोज कुठे ना कुठे थांबते, तूच सांगतेस. पण सगळ्यांनी आधी हारूणभाईंकडे पाहिलं. पेरूवाल्याने पाहिलं, त्या मुलीने पाहिलं. मंदा, मीही पाहिलं.

त्यांनी पेरू खिडकीच्या कडेला ठेवला. मग दोन्ही हात उघडे करून गुडघ्यांवर ठेवले, सगळ्यांना दिसतील असे, आणि गाडी हलेपर्यंत ते तसेच बसून राहिले.

पुढच्या रविवारी मी पुन्हा येतो. सोमवारी त्यांच्याबरोबर परत निघेन, आणि त्यांनी नको म्हटलं नाही तर त्याच्या पुढच्या सोमवारीही. उपयोग काय ते विचारू नकोस.

तनयाला आशीर्वाद. तुझ्या लोभाला मी किती लायक आहे हे आता तूच ठरव.

तुझा,
दादा