आभाळातून पाहिलेलं पाणी

१४ मार्च १९७७

आमच्या भूजल कचेरीचे चनमल्लप्पा साहेब हैदराबादहून पंधरा दिवसांचं प्रशिक्षण घेऊन परतले — चालण्यावरून वाटतं, थेट अंतराळातून. विहिरीची जागा शोधायला आता उन्हात हिंडायचं नाही म्हणे. उपग्रह वरून चित्र काढतो, त्याचे आकडे छापून येतात. प्रत्येक जागेचे दोन आकडे — एक लाल उजेडाचा, एक डोळ्यांना न दिसणाऱ्या उजेडाचा. एकाला दुसऱ्यानं भागायचं. उत्तर मोठं आलं की तिथं झाडोरा. कोरड्या दिवसांत झाडोरा म्हणजे खाली पाणी. भागणार कोण? मी.

२२ मार्च

आज चारशे दहा भागाकार. न दिसणारा उजेड साहेबांना दिसतो, टेबलावरची फाइल दिसत नाही.

२ एप्रिल

मोठी उत्तरं हिरव्या पेन्सिलीनं रंगवली. नातेपुत्याच्या पुढं, धनगरवस्तीजवळ सलग हिरवा पट्टा निघाला. साहेब गहिवरले. "एकदा जागेवर जाऊन बघायचं का?" मी विचारलं. "बघितलंय की, नऊशे किलोमीटरवरून." बोअरचं मशीन मंजूर.

१९ एप्रिल

मशीनबरोबर मला धाडलं. साहेब पंख्याखाली. हिरवा पट्टा कुठला, उघडा खडक! वस्तीवरच्या केराबाई मेंढरं थांबवून बघत राहिल्या. "हितं? हितं कुसळ उगवत न्हाय. वड्याकडं बगा की." त्यांनी खालच्या ओढ्याकडे काठी दाखवली. मी म्हटलं, आभाळातून बघून ठरवलंय. "मग खाली उतरून बगायचं की."

दोनशे फूट गेलो. नुसती करडी भुकटी. बायका सकाळपासून घागरी घेऊन बसल्या होत्या. दिवस कलताना रिकाम्याच उचलून गेल्या. मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

२६ एप्रिल

कचेरीत साहेबांची नक्कल केली — डोळे मिटून, बोट आभाळाकडे. सगळे पोट धरून हसले. मग एकदम गप्प झाले. साहेब दारात उभे होते. तसेच आत गेले.

९ मे

साहेबांची बदली. चंद्रपूर! पत्रात 'बेजबाबदार निर्णय' असे शब्द आहेत. निरोप घेताना मला म्हणाले, "तुम्ही मेहनत लई केली. माझंच काहीतरी चुकलं असेल." मी हसू दाबून मान हलवली.

११ मे

सगळे कागद बांधायला घेतले. आकड्यांच्या गठ्ठ्यावर साहेबांच्या अक्षरातली चिठ्ठी टाचलेली — 'लाल उजेडाच्या आकड्यानं न दिसणाऱ्याला भागावे.' मी ती कधी वाचलीच नव्हती. माझ्या पानांवर पहिल्या दिवसापासून उलटं. न दिसणाऱ्यानं लालला भागलेलं. म्हणजे मी हिरवा रंगवला तो खडक.

दुपारभर बसून पुन्हा भागलं. सगळ्यांत मोठं उत्तर ओढ्याकाठचं.

१२ मे

स्टेशनवर साहेबांना गाठलं. सगळं सांगितलं, वरिष्ठांच्या नावानं लिहिलेला कबुलीजबाब हातात दिला. त्यांनी तो न वाचताच खिशात घातला. त्याच खिशातलं पेन काढलं. मग म्हणाले, "ओढ्याकाठी उत्तर किती आलं?"