नेम सरळ होता

अंधेरी (पूर्व)
१६ फेब्रुवारी १९८४

प्रिय नंदू,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी, त्यातल्या तीन होड्यांच्या इंजिनांच्या. पाणबुडीवरून टॉर्पेडो सोडणारा माझा भाऊ आता वेंगुर्ल्याच्या बंदरावर चार माणसांत बसत नाही, हे मला तुझ्या बायकोच्या, शुभाच्या पत्रांतून कळतं. हे पत्र अर्धवट ठेवू नकोस.

आमचा कारखाना गेल्या महिन्यात नव्या गाळ्यात हलला. जुन्या गाळ्याची फरशी आठवते? तेलकट पाणी मोरीकडे जावं म्हणून तिला चांगला उतार होता. तू सुट्टीवर आलास तेव्हा तुझा चहाचा ग्लास टेबलावरून घसरला आणि शिवदास टर्नर म्हणाला, "साहेब, बोट हलतेय, सांभाळा!" नवी जमीन सपाट आहे. टॉर्पेडोच्या पिना तपासायचा सांगाडा आम्ही तिथे उभा केला. चाचणी साधी असते. पिन बसवलेलं टॉर्पेडोचं तोंड उंचावरून लोखंडी पाटावर पाडायचं. धडकेसरशी पिन सरकून दारूच्या टोपीवर आपटली, की समुद्रात टॉर्पेडो फुटणार. सांगाडा नीट बसलाय का ते बघायला मी जुन्या मालातल्या, नमुना म्हणून जपलेल्या दहा पिना काढल्या. सात अडकल्या. शिवदास म्हणाला, "बाई, नव्या घरात सून रुसली." मला हसू आलं नाही. सांगाड्याच्या दोन पायांखाली पाचर ठोकून जुन्या फरशीइतका उतार केला आणि त्याच मालातल्या आणखी दहा पाडल्या. दहाच्या दहा चालल्या.

उतारावर पाटही कलतो, म्हणून तोंड तिरकं आपटतं आणि धक्का विभागला जातो. सरळ आपटलं की पिनेची वाटच चेपते आणि ती जागच्या जागी अडकते. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन टॉर्पेडो असेच वागले होते. काटकोनात लागलेला मुका राहायचा, तिरका लागलेला फुटायचा, आणि दोष कितीतरी दिवस कप्तानांच्या माथी. हे मी वाचलेलं होतं. बी.एस्सी.ला पदार्थविज्ञान घेतलेली बाई मी, आणि रोज ज्या फरशीवर उभी राहिले तिचा उतार मला चाचणीत दिसला नाही.

लढाईवरून परतलास तेव्हा माझ्याकडे जेवताना म्हणालास, "ताई, दोन्ही टॉर्पेडो लागले. माका आवाज ऐकाक इलो, ठण्ण करून." चौकशीत तो आवाज कोणी मानला नाही. शत्रूचं जहाज सुटलं, उलटून त्याने तुमच्यावर मारा केला आणि तुझा जोडीदार जयवंत गेला. कागदावर लिहिलं, नेम चुकला. ते कागद घेऊन तू पुन्हा जेवायला आलास, तेव्हा मीही तेच म्हणाले. नेम चुकला असेल रे, कबूल कर आणि मोकळा हो. तू ताट सरकवलंस. त्यानंतर बारा वर्षांत माझ्या घरी जेवला नाहीस.

नंदू, नेम चुकला नव्हता. काटकोन अचूक साधलास, म्हणून ते फुटले नाहीत. जरा कच्चा असतास तर ते जहाज बुडालं असतं आणि जयवंत आज घाटकोपरला आईपाशी असता. हे ऐकायला कडू आहे, पण यात तुझी चूक कणभरही नाही.

आता राहिलेलं सांगते. चौकशीच्या कागदांची नक्कल तू मला दिली होतीस. त्यातला मालाचा क्रमांक घेऊन मी काल चाचणीची वही उघडली. त्या क्रमांकापुढे 'उत्तीर्ण' लिहिलंय आणि खाली सही माझी आहे. मालक म्हणाले, "सुगंधाबाई, बारा वर्षं झाली, कशाला उकरता? तुमच्या निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय." मी नव्या पिनांची खेप अडवली. त्या वीस पिना, वहीच्या पानाची नक्कल आणि माझं निवेदन आज सकाळी चौकशी पुन्हा उघडा म्हणून नौदलाकडे रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. तू म्हणशील, ताई, जाऊ दे, तुझी नोकरी जाईल. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, म्हणून आधी ते टाकलं आणि मग हे लिहायला बसले. बोलावणं आलं की गणवेश इस्त्री करून ये. माझ्याकडेच उतर, जेवायलाही. मग आपण दोघं जयवंतच्या आईकडे जाऊ. तू ताठ उभा राहा. सांगायचं मी, आणि मान खाली घालायची तीही मीच.

तुझीच, बारा वर्षं उशिराने तुझ्या बाजूची,
ताई