वास घेतलेलं फूल

२२ सप्टेंबर
महालक्ष्म्या जेवल्या. पुरण, सोळा भाज्या, घरभर माणसं, आणि माझं सगळं ध्यान दाराकडं. हे आले नाहीत. दुपारी फोन आला, तोही आत्याबाईंच्या मोबाईलवर. कंपनीत लाईन चालू आहे, सुट्टी नाही. "दिवाळीला नक्की येतो." नक्की म्हणजे काय ते चाकणच्या त्या सुपरवायझरला ठाऊक.
गुलाबाची सगळी फुलं आत्याबाईंनी अंधारातच तोडून महालक्ष्म्यांपुढं ठेवली. सासू म्हणून बाई वाईट नाही, पण फुलांच्या बाबतीत शुद्ध दरोडेखोर.

२४ सप्टेंबर
पाहुणे गेले. भांडी घासून हात सोलले.
गुलाबाच्या झाडाजवळ बसले जरा वेळ. संक्रांतीला ह्यांनी हिंगोलीच्या नर्सरीतून आणलं होतं, मोटारसायकलच्या टाकीवर धरून. "ही जातच बुटकी. गुडघ्याच्या वर जात न्हाई, पण फुलं बघ कशी लालभडक. तुझ्यासारखंच हाय." मी म्हणलं, मग काटे पण बघून घ्या. न्हाणीच्या पाण्याच्या वाटेवर दोघांनी मिळून लावलं. दुसऱ्या दिवशी हे गेले.
तेव्हापासून एकही फूल माझ्या केसात आलं नाही. उमललं की देव्हाऱ्यात. आणि ह्यांचं दर फोनला, "माळला का गुलाब? फोटो पाठव." काय पाठवू, देव्हाऱ्याचा?

२७ सप्टेंबर
मागच्या भिंतीपलीकडच्या शकीलाबी. त्यांच्याकडं भिंतभर गुलाब. म्हणाल्या, छाटलं की दीड महिन्यानं भरून फुलतं. "दिवाळी को फूल होना ना? तो अब्बीच काट. डरनेका नै."
शिवणाच्या कात्रीनं छाटलं. पहिली फांदी दोनदा धरून सोडली, मग चढलाच जोर. टोकांना हळद लावली. आमच्या डोंगरकडा गावात हळदीला काय तोटा.
आत्याबाई (पुढं नुसतं आ.बा.) बाहेर आल्या अन् कपाळावर हात. "अगं माय, चांगलं झाड बोडकं करून ठेवलं! देवाला काय काड्या वाहू?"
दिवाळीपर्यंत झेंडू वाहा म्हणलं. हे येतील तेव्हा झाड भरलेलं पाहिजे, हे मात्र नाही सांगितलं. तेवढं माझं.

६ ऑक्टोबर
फुटले! तांबडे कोंब, जागोजागी. सकाळपासून पाच वेळा जाऊन बघितलं असेल.
ह्यांना फोनवर सांगितलं तर खूश. खत घाल, माती हलव, चांगली पाच मिनिटं झाडाच्याच गोष्टी. म्हणलं, झाडाचं विचारता, माझं विचारत नाही. तर म्हणतात, "तुझं विचारलं की तू रडती. मग माझं मशीनवर ध्यान लागत न्हाई." त्यावर मी रडलेच.

१५ ऑक्टोबर
सोयाबीन काढणी. कंबरेचे तुकडे.
जेवायच्या सुट्टीत सोबतच्या एका बाईनं काढलंच, लग्नाला दोन वर्षं झाले, कायी हाय का न्हाई? आ.बा. भाकर मोडता मोडता म्हणाल्या, "नवरा तिकडं, बायको इकडं. मोबाईलवर व्हतेत का लेकरं?" सगळ्या पोट धरून हसल्या. मीपण हसले. मग पाणी आणायच्या नावाखाली बांधाच्या पलीकडं जाऊन
जाऊ दे.
संध्याकाळी ह्यांना सरळच विचारलं, मला घेऊन जा. "रूमवर चौघं हावोत. कुठं ठेवू तुला? थांब थोडं." थांबूनच तर राहिले.

२९ ऑक्टोबर
कळ्या धरल्या. तुरीच्या दाण्याएवढ्या. दोन फांद्यांवर मावा पडला होता, साबणाच्या पाण्यानं बोटांनी पुसून काढला, एकेक कळी. आ.बा. ओट्यावरून बघत होत्या. "लेकराला न्हाऊ घालावं तसं करून राहिली."
ह्यांनी तिकिटाचं बघतो म्हणलंय. धनतेरसच्या सकाळी घरी.
हिरवी साडी इस्त्रीला दिली. एवढ्या लवकर कशाला, आता चुरगळेल. मूर्खच आहे मी.

७ नोव्हेंबर
कळ्यांना लाली दिसायला लागली. आज हिंमत करून आत्याबाईंना म्हणलं, ह्या वेळी एक फूल मला ठेवा.
"देवाच्या आधी?"
"देवाच्या नंतर ठेवा."
"मंग वाहिलेलं काढून माळ की."
"सुकल्यावर?"
लसूण सोलत बसल्या. ह्यांना बसची खिडकी मिळालीय. खिडकीतून काय बघणार, रात्रीची तर बस.

१० नोव्हेंबर
धनतेरस. झाड भरून फुललं. एवढंसं झाड, पण पानं दिसेनात.
मी न्हाऊन ओल्या केसानं बाहेर आले तर फोन. वाटलं हिंगोलीत उतरले. तर चाकणमध्येच. काल अर्धी माणसं गावाला निघून गेली म्हणून उरलेल्यांना अडवून ठेवलं. "दिवाळी झाल्यावर बघू." आवाज पडलेला होता ह्यांचा, पण मला कीव आली नाही. राग आला. एवढा राग की फोन तसाच चालू ठेवून पायरीवर ठेवला.
झाडापाशी गेले, वाकले आणि फुलांचा वास घ्यायला लागले. एकेका फुलाचा. ह्या जातीला वास फार नाहीच, नाक खुपसावं लागतं. एकही सोडलं नाही.
मागं आत्याबाई, हातात परडी. "काय करून राहिली तू?"
"वास घेऊन राहिले."
वास घेतलेलं फूल देवाला चालत नाही हे त्यांनाही ठाऊक, मलाही ठाऊक, आणि मुद्दाम केलं हे पण दोघींना ठाऊक. रिकामी परडी घेऊन आत गेल्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

११ नोव्हेंबर
अबोला. फराळाची शेव मात्र दोघींनी मिळून पाडली.
फुलं दिवसभर झाडावर होती. पहिल्यांदाच. वाटलं होतं जिंकल्यासारखं वाटेल. कशाचं काय. कुणासाठी माळू? म्हशीसाठी?
दिवेलागणीला वाती वळताना आ.बा. आपणहून बोलल्या, माझ्याकडं न बघता. "फुलाचं न्हाई वाईट वाटलं मला. रोज त्या फुलासंग एकच मागत व्हते, माझ्या गजूला घरी येऊ दे. कालच्याला मागायचं राह्यलं."
मला वाटायचं बाई हट्टानं तोडतात. मला एकटीलाच ह्यांची आठवण येते असंच मी वर्षभर धरून चालले होते. लाज वाटली. जवळ जाऊन बसले, वाती वळायला लागले. माझ्या वाती जाड होतात. त्यांनी उलगडून परत वळल्या.

१२ नोव्हेंबर
लक्ष्मीपूजन. सकाळी मीच झेंडू तोडून त्यांच्या परडीत भरला. म्हणलं, मागा आता.
"मागितलं लई. न्हाई ऐकून राहिला देव. आता तूच जा."
"कुठं?"
"चाकणला, अजून कुठं."
"चौघं आहेत रूमवर."
"मंग चौघायला सांग, आमची सून येऊन राहिली, दुसरी खोली बघा म्हणावं."
हसू आलं, पण त्या हसत नव्हत्या. तुमचं काय, विचारलं. "मला काय धाड भरली? म्हैस हाय, शकीला हाय." हे म्हणताना निरांजनात तेल ओतत होत्या, अर्धं ताटात सांडलं.

१४ नोव्हेंबर
पाडवा. ओवाळायचं कुणाला? आ.बा. म्हणाल्या मोबाईलला ओवाळ. मग स्वतःच अंगणात गेल्या, गुलाब तोडला, बरा टवटवीत बघून, आणि माझ्या केसात खोचला. "हालू नको, पडंल."
व्हिडिओ लावला. मोबाईल पाटावर, डब्याला टेकवून. मी ताट फिरवतेय आणि हे तिकडं कंपनीच्या कपड्यात, कॅन्टीनमध्ये उभे. म्हणाले, जरा वळ ना. वळले. परत बघितलं तर तोंड बाजूला करून डोळे पुसत होते. इतकं वाटलं त्या काचेतून हात घालावा.
म्हणलं, मी येऊन राहिले.
"कुठं?"
"तुमच्याकडं. तिकीट काढून घेते."
"खरंच?" एवढा खुललेला आवाज महिन्यांत ऐकला नव्हता. पण मग लगेच, "अगं पण खोली... पाणी पण एक दिवसाआड येतं इथं." येऊ दे म्हणलं. पुढचं काही म्हणणार तोच रेंज गेली. हो पण नाही, नाही पण नाही.

१७ नोव्हेंबर
तिकीट काढलं. उद्याची गाडी.
ह्यांना मेसेज केला. बघितलाय, उत्तर नाही. खोली शोधत असतील. किंवा मला कसं अडवावं ते शोधत असतील. दोन्ही शक्य आहे. काही झालं तरी मी जाते.
आ.बा.नी चिवडा, शेव, हळदीची पुडी, सगळं बांधलं. वर गोधडी. म्हणलं गाडीत मला बसायला जागा ठेवा.
संध्याकाळी झाडापाशी दोघी. ह्याला कितीक पाणी लागतं, कधी छाटायचं, एकेक विचारत होत्या. मी सांगत होते, त्या मान हलवत होत्या. मग तांब्या खाली ठेवून म्हणाल्या, "तू तरी येशील ना माघारी?"
येते की, म्हणलं.
"त्यो पण असाच मनला व्हता."
त्यांनी तांब्या उचलला आणि राहिलेलं पाणी घातलं.