तीन डेसिबलसाठी

रविवार, ३ मार्च. सकाळी ८.१०
रेडिओवर लेकीशी बोलणं झालं. सिग्नल पाच-पाच. म्हणजे शब्द सगळे कळतात, आवाज मात्र बेताचा. बेटावरच्या वेधशाळेत घरच्यांशी बोलायला दर रविवारी साडेसात ते आठ एवढाच वेळ मिळतो, मग जनरेटर बंद. तिने तिकडचं हवामान सांगितलं, मी इकडचं. मग तिने विचारलं की, बाबा, अठरा तारखेला बोट येतेय, परत येऊ की आणखी एका वर्षाची सही करू? बोट वर्षातून एकदाच येते.
मी सांगितलं, तुझा सिग्नल पाच-पाच आहे.
ती म्हणाली, बरं.

८.४०
ही माझ्याशी बोलत नाही. हिच्याकडे लायसन नाही, त्यामुळे माइकवर मी बोलायचं आणि हिने स्टुलावर बसून ऐकायचं. नियम म्हणजे नियम. मुलगी परत यावी हे दोघांनाही वाटतं, त्यात वाद नाही. पण असली नाजूक गोष्ट पाच-पाचवर कशी सांगणार? हिचं म्हणणं, "ये" म्हणायचं होतं, एक अक्षर आहे, त्याला किती सिग्नल लागतो? हिला रेडिओतलं ओ की ठो कळत नाही.

९.१५
निर्णय झाला. एका अँटेनाचे दोन करणार. एकाच खांबावर, एकावर एक, दोघांना एकदम सिग्नल. तीन डेसिबल वाढतात. तीन डेसिबल म्हणजे दुप्पट! मग स्वच्छ सांगेन. वाक्यसुद्धा कागदावर लिहून ठेवलं: तू नाहीस तर घर खायला उठतं, निघून ये. वाचताना जरा भडक वाटतंय. दुप्पट सिग्नलवर शोभून दिसेल.

बुधवार, ६ मार्च
तारमास्तरांनी त्यांच्याकडचा जादा अँटेना दिला. तारखात्यातून निवृत्त झालेला माणूस, पन्नास वर्षं रेडिओवर. त्यांचा अँटेना अगदी माझ्याचा जुळा भाऊ; लाल रंगाची टिकलीसुद्धा तशीच. देताना म्हणाले की, चालू असलेला अँटेना ऐन वेळी कशाला उतरवतोस, अठरा तारीख होऊन जाऊ दे. वय झालं की माणूस भित्रा होतो.
दोन्ही केबल बरोबर सारख्या हव्यात, नाहीतर एकाचा सिग्नल आधी पोचतो, दुसऱ्याचा मागून. हिच्या शिवणकामाच्या टेपने तीनदा मोजल्या. केसाचाही फरक नाही. लेकीची खोली रिकामीच आहे म्हणून केबल तिथे पसरली. पलंगावर वर चढवायचा अँटेना, टेबलावर करवत. ही दारात येऊन बघून गेली. कौतुक असावं.

शुक्रवार, ८ मार्च
जुना अँटेना उतरवला. खांब उंच करायला वेल्डर उद्या नक्की येतो म्हणाला. रविवारच्या आत सगळं उभं.

रविवार, १० मार्च. ८.००
वेल्डर आला नाही. अँटेना खालीच, त्यामुळे आज माझा रेडिओ बंद. तारमास्तरांनी त्यांच्या घरून लेकीला कळवलं की बाबा मोठं काम काढून बसलेत. तिने निरोप दिला: सतरा तारखेला ऐकते, त्यानंतर लगेच सही करायची की नाही ते सांगावं लागेल. तारमास्तर म्हणत होते की, मीच सांगू का तिला, ये म्हणून? साफ नको म्हटलं. घरातली गोष्ट तिसऱ्याच्या तोंडून? आणि तीन डेसिबल फुकट घालवायचे?
ही आज रेडिओच्या खोलीत आलीच नाही. स्टूल मात्र तिथेच ठेवलंय.

मंगळवार, १२ मार्च
खांब उभा! वेल्डर शिडीवर, मी खाली सूचना द्यायला, ही दोरी धरून. वरचा अँटेना चढवताना पकडीचा बोल्ट वेल्डरच्या हाताला येईना. मी म्हटलं, मग अँटेना उलटा कर. दोन मिनिटांत बसला. अडलं तिथे डोकं चालवावं लागतं.
खाली उतरल्यावर ही म्हणाली की, वरच्याची लाल टिकली उजवीकडे आहे आणि खालच्याची डावीकडे. मी म्हटलं, समतोल. माझ्या अँटेनावरची टिकली मास्तरांचं बघून मीच कधीतरी लावली होती. कशासाठी ते आता आठवत नाही. शोभेला असेल.

गुरुवार, १४ मार्च
मीटर बघून डोळ्यांचं पारणं फिटलं. अँटेना सगळी ताकद घेतोय, काहीही परत येत नाही. पहिल्या फटक्यात! ज्याने त्याने शिकावं.
दिवसभरात एकाही स्टेशनचं उत्तर नाही. आज सूर्याचं काहीतरी बिनसलं असणार; लांबचा सिग्नल त्याच्याच मर्जीवर चालतो.

शनिवार, १६ मार्च
सूर्याचं कालही बिनसलेलंच. आजही. मात्र तारमास्तर दिवसभर लांबलांबच्या देशांशी गप्पा मारत होते. त्यांना मी मुंगीच्या आवाजात ऐकू येतो म्हणे, आणि ते तीन गल्ल्या पलीकडे राहतात. फोनवर विचारत होते, खुणा एका बाजूला आहेत ना? सांगायला लागले की, दोन माणसं झोपाळ्याच्या दोन बाजूंना उभी राहून एकदम ढकलायला लागली तर झोपाळा जागचा हलत नाही. मी म्हटलं, मास्तर, केबल केसाच्याही फरकाशिवाय सारख्या आहेत. मला झोपाळे शिकवतात!
उद्या आवाज बसायला नको म्हणून आज कमी बोलणार. हिची काही हरकत नाही.
कागदावरचं वाक्य आरशासमोर सातदा म्हणून बघितलं. आता कागदाशिवाय येतं. तरी कागद जवळ ठेवणार.

रविवार, १७ मार्च
७.१०. रेडिओ चालू. ही स्टुलावर. आज नवी साडी.
७.३०. हाक मारली. उत्तर नाही.
७.३४. उत्तर नाही. मीटर उत्तम.
७.३९. खरखर. हात ओले होताहेत, माइक निसटतो. हिने रुमाल दिला.
७.४४. तारमास्तरांचा फोन. ती तुला सारख्या हाका मारतेय, म्हणे. माझ्याकडे खणखणीत येतेय. आता तरी निरोप देऊ का? म्हटलं, पाच मिनिटं थांबा, रेडिओ अजून तापतोय. मास्तर म्हणाले, रेडिओ तापायचा प्रश्न नाही, दुसरं काहीतरी आहे. अरे, एक अँटेना काढून टाक! मी फोन ठेवला. हिने ऐकलं होतं.
७.४८. ही उठली. हत्यारांच्या पेटीतून पाना घेतला. विचारलं, कुठे? म्हणाली, टिकली बघायला. गच्चीचा जिना वाजला.
७.५३. दणदणीत आवाज. आई, बाबा, कोणी आहे का? खोली भरून गेली. माझ्या अंगावर काटा आला. पाच-नऊ! शेजारच्या खोलीत बसून बोलावं तसं. हिने वरच्या अँटेनाची केबल सोडली होती; उंच खांबावर खालचा एकटाच पुरला.

८.०५
लॉगमध्ये, म्हणजे रेडिओच्या या वहीत, खोटं लिहायचं नसतं. जसं झालं तसं लिहितो.
मी हाक दिली. लेक हसली, म्हणाली, आहात का, मी घाबरले होते. मग विचारलं, बाबा, येऊ की थांबू?
ही दारात उभी. साडीला गच्चीवरची धूळ, हातात पाना, धाप लागलेली. कागद माझ्या पुढ्यात. चष्मा डोळ्यावर. सहा मिनिटं हातात.
मी सांगितलं, तुझा सिग्नल पाच-नऊ आहे.
मग तिला टिकलीचं सांगितलं. टिकली म्हणजे केबलची आतली तार जोडायची बाजू, आता आठवलं. एक टिकली डावीकडे, एक उजवीकडे, त्यामुळे एक अँटेना ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, दोघं मिळून सगळी ताकद आकाशात उधळतात आणि समोर काही जात नाही. झोपाळ्याचं उदाहरणही दिलं. केबल किती अचूक कापल्या तेही. ती हं, हं म्हणत होती. हिने दोनदा कागदावर बोट ठेवलं. मी मान हलवली आणि टेपचं सांगत राहिलो.
७.५९ ला ती म्हणाली, बाबा, मग सही करते हं. आईला सांभाळा. आणि जनरेटर गेला.
ही स्टुलावर बसली. पाना मांडीवर.
आवाज लहान होता असं म्हणायला आज जागा नाही. फार वाईट वाटतंय.

मंगळवार, १९ मार्च
वरचा अँटेना सुलटा केला. दोन्ही टिकल्या डावीकडे. एका दिवसात सात देश. तीन डेसिबल म्हणजे काय ते आता कळतं. खरं तर रविवारी तयारी अर्धवट होती, तेवढंच नडलं.
बोट काल गेली.
संध्याकाळी तारमास्तर आले. माझ्याकडे आले असतील म्हणून मी खुर्ची पुढे केली. ते सरळ स्वयंपाकघरात गेले आणि हिच्या हातात लायसनच्या परीक्षेचं पुस्तक आणि फॉर्म ठेवला. हिने एवढंच विचारलं की, किती महिने लागतील? मास्तर म्हणाले, अभ्यास केलात तर सहा.
रात्रीची जेवणं झाल्यावर ही टेबलावर पुस्तक उघडून बसली. पहिल्याच पानावर पेन्सिलने खुणा. शेवटी हिलाही छंद लागला तर! इतकी वर्षं सांगत होतो. मी मोठ्या मनाने म्हटलं, अडलं तर विचार. मग सहज विचारलं, लायसन आल्यावर माइकवर पहिलं काय बोलणार?
पान उलटत म्हणाली, एकच अक्षर.
एका अक्षरासाठी एवढा अभ्यास. मी कागद घडी घालून लॉगबुकात ठेवला. रविवारी सिग्नल पाच-नऊच्या खाली येणार नाही.