काळी पाच

३ जानेवारी, चिखली
विमलताई आल्या होत्या. वीस वर्षांनी माझ्या दारात. वयाच्या बासष्टाव्या वर्षी आल्बम काढायचाय, फक्त त्यांचा आवाज आणि पियानो. "तू शिकवतो त्या डॉक्टरायच्या घरी पियानो आहे न? तूच वाजव माधव."
तेव्हा त्यांच्या कॅसेटच्या वेळी याच बाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, माधवची पेटी जत्रेतली वाटते. आणि अकोल्याचा पेटीवाला आणला. मी हसून हो म्हणालो. चहा ठेवताना नंदा: "तुमच्या पोटात काय शिजून राह्यलं, मले समजते." बायको आहे, समजणारच.

९ जाने.
डॉक्टरांकडे पहिली तालीम. वि.ताईंचा अंतरा वर जातच नाही. "पट्टी उतरव न रे. काळी पाच नाही झेपत आता, काळी तीन घे."
म्हणालो, पेटीचं वेगळं ताई. पियानो एकदा लावला की गाणं त्याच पट्टीत.
धादांत खोटं. डॉक्टरांच्या नातीला मी हेच तर शिकवतो, कोणतंही गाणं कुठल्याही पट्टीत. ताईंनी मान डोलावली. मजा आली. लिहून ठेवतो, खरंच मजा आली.

१४ जाने.
तिळगूळ घेऊन आल्या. "तेव्हा लय वाईट बोलली मी तुले. मनात ठेवू नको."
लाडू खाल्ला. पट्टी तीच.

२१ जाने.
रेकॉर्डिंग. तीनदा आवाज फाटला. दरवेळी मीच प्रेमाने, पुन्हा घेऊ ताई? चौथ्यांदा मधेच थांबल्या. रेकॉर्डिंगवाला खाली बघत बसला. "तुही चूक नाही माधव. गळाच मेला माहा." वर मलाच पाणी दिलं.
वीस वर्षं याची वाट पाहिली. जेवण गेलं नाही.

२५ जाने.
वि.ताईंनी तानपुरा पाठवला. सोबत चिठ्ठी, आता मला नको, तुझ्याकडच्या मुलींना दे. गाणं बंद केलं म्हणे. नंदाला पट्टीचं खरं सांगून टाकलं. नंदा: "काऊन सांगत नाही त्याईले? जीव घ्याचा आहे काय?"
दुपारी डॉक्टरांकडे शिकवणी. अंतरा काळी तीनमध्ये वाजवून पाहिला. ताई सहज पोचल्या असत्या. नात शेजारीच बसली होती, तिचं भान नव्हतं.

२८ जाने.
ताईंचा फोन. "देवळात डॉक्टरायची नात भेटली. पियानोवर पट्टी उतरते म्हणे. माहंच गाणं खाली वाजवून राह्यला होता म्हणे तू." मी फोन दुसऱ्या कानाला लावला. "आयकू येऊन राह्यलं न?"
हो म्हणालो.
"उद्या दहाले ये डॉक्टरायकडे. रेकॉर्डिंगवाल्यालेही बोलावलं. तानपुरा घेऊन ये."
म्हणजे कबुली चारचौघांत. नंदाने तानपुरा पुसून दाराशी ठेवलाय. काय बोलायचं ते अजून ठरलं नाही.